तीन होकार

१

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ड्रायव्हरचा फोन आला. एरवी हा माणूस फोनवरही गाडी चालवल्यासारखाच बोलायचा, एका गिअरमध्ये आणि एका वेगात. आज त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. “ताई, तुम्ही या. तुम्ही या इकडे,” एवढंच तो म्हणत राहिला. कुठे, हे विचारायची गरज पडली नाही. त्या वेळी तो कुठल्या दारात असतो ते ताईंना पाठ होतं.

ज्येष्ठ केंद्राचा सगळा गाडा ताईच हाकायच्या. दिवसभर म्हाताऱ्यांना बसायला एक मोठी खोली, ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी जेवणाचा डबा पोचवणारी एक गाडी, रोज सकाळी खुशाली विचारणारा एक फोन आणि मागच्या बाजूला एक विसाव्याची खोली. या खोलीत पलंग एकच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे पंधरा दिवस ठेवायचं, म्हणजे सांभाळणाऱ्याला तेवढाच श्वास घेता येतो. अकरा वर्षं ताई हे करत होत्या. केंद्रात दुपारनंतर हमखास कोणाची तरी कवळी हरवायची, आणि ती कोणाच्या खिशात, उशीखाली किंवा तोंडात आहे ते शोधून काढण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक त्यांना गमतीने गुप्तहेर म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताचं दार. घरात दोघीच. आजी अठ्ठ्याऐंशीच्या, दोन वर्षांपासून भूतकाळातच राहायला गेलेल्या. त्यांच्या मनात त्या तिशीच्या होत्या आणि घरात एक लहान मूल होतं. दुसरी त्यांची मुलगी, एकसष्ट वर्षांची, ग्रंथालयातली नोकरी सोडून आईपाशी बसलेली. केंद्राच्या फाइलमध्ये तिच्यासाठी दोनच शब्द होते, ‘सोबत: लेक’. म्हणून केंद्रात सगळे तिला लेकच म्हणत.

लेक स्वयंपाकघरात जमिनीवर होती. ती गेलेली आहे हे ताईंना दारातूनच कळलं. पण पाय पुढे पडेना तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. लेकीच्या डोक्याखाली उशी होती. अंगावर दोन पांघरुणं, कडा नीट आत दुमडलेल्या. खांद्यापर्यंतच्या पांढुरक्या केसांच्या दोन बारक्या वेण्या घातल्या होत्या, कानांच्या वर, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या असतात तशा. जवळच वाटी, वाटीत मऊ कालवलेलं अन्न आणि छोटा चमचा. शेगडीवर करपलेलं भांडं होतं, पण शेगडी बंद होती.

आतल्या खोलीत आजी उघड्या गादीवर कुशीवर पडल्या होत्या. ओठ सुकलेले, कपडे ओले. त्यांना उचलताना अँब्युलन्सवाल्याने उजव्या हाताच्या दोन बोटांवरचे फोड दाखवले. “पडल्या पडल्या कशाला तरी हात लागला असेल,” तो म्हणाला. विसाव्याची खोली त्याच सकाळी रिकामी झाली होती. ताईंनी आजींना तिकडेच न्यायला सांगितलं. त्या खोलीसाठी लेकीचा अर्ज अकरा आठवडे पडून होता.

पोलिसांबरोबर आलेल्या डॉक्टरांनी अर्ध्या तासाने हात धुतले. “सोमवारी सकाळी पडली असणार. मेंदूत रक्तस्राव.” मग त्यांनी टॉवेल खाली ठेवला. “पण सोमवारी गेलेली नाही. मंगळवारी दुपारपर्यंत तरी जिवंत होती.”

इन्स्पेक्टरने वेण्यांकडे पाहिलं. “म्हणजे दीड दिवस इथे कोणीतरी होतं. हिची उशी नीट करत बसलं आणि एक फोन केला नाही.”

२

फोनवरून ताईंना आठवलं. केंद्रातून या घरी रोज सकाळी सव्वानऊला फोन जातो. सोमवारी गेला होता, मंगळवारी गेला होता, आज दोन तासांपूर्वीही गेला होता.

त्यांनी वही मागवली. फोनवर तीन प्रश्न विचारायचे: जेवलात का, औषध घेतलं का, बरं वाटतंय ना. तिन्हींना ‘हो’ आलं की तीन खुणा. पडणं, ताप किंवा फोन न उचलणं एवढंच शेऱ्यात लिहायचं, बाकी गप्पा लिहीत बसायचं नाही. हा नियम ताईंचाच. वहीत तिन्ही दिवस तीन-तीन खुणा होत्या आणि शेऱ्याची जागा कोरी होती.

“फोन कोण उचलतं?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“आजीच. त्यांच्या पलंगाशी आहे. आईची बोलायची सवय मोडू नये म्हणून लेकीने तिथे ठेवला होता.”

“त्यांचं डोकं ठिकाणावर नाही म्हणता ना? मग त्या हो म्हणाल्या काय आणि नाही म्हणाल्या काय.”

ताईंना हे झोंबलं. तेवढ्यात लेकीचा धाकटा भाऊ आला. हे गृहस्थ तासाभराच्या अंतरावर राहायचे आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. आईला काय खायला द्यावं, कुठला व्यायाम करून घ्यावा, सगळं फोनवरून सांगायचे. आज मात्र त्यांचा चेहरा पांढराफटक होता. त्यांनी बहिणीकडे एकदा पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे बोट केलं.

“हा! हा रोज घरात यायचा. दहा-दहा मिनिटं बसायचा. तिनेच मला सांगितलं होतं. विचारा याला, डबा द्यायला दहा मिनिटं लागतात?”

इन्स्पेक्टर वळला. “सोमवारी आलास?”

“आलो. डबा दाराच्या कडीला अडकवला आणि गेलो.”

“मंगळवारी?”

“सोमवारचा रिकामा डबा बाहेर होता. धुतलेला. तो घेतला, भरलेला अडकवला. आज रिकामा बाहेर नव्हता म्हणून बेल वाजवली. कोणी उघडेना, तेव्हा समोरच्या काकूंकडून किल्ली घेतली.”

“रोज दहा मिनिटं बसणारा माणूस नेमका याच दोन दिवशी बाहेरच्या बाहेर गेला?”

ड्रायव्हर पन्नाशीचा, नऊ वर्षं केंद्रात, एकाही म्हाताऱ्याचं जेवण कधी थंड पोचू न दिलेला. त्याने तोंड उघडलं, ताईंकडे पाहिलं आणि परत मिटलं. इन्स्पेक्टरने शितावरून भाताची परीक्षा केली ती तिथेच.

“चल. पाच वाजेपर्यंत सांगितलंस तर ठीक. नाहीतर पाचला गुन्हा लिहितो, मरणाऱ्या माणसाला मदत न देता डांबून ठेवल्याचा.”

जिन्यावर ताईंनी ड्रायव्हरचा हात धरला. “का बोलत नाहीस? तुझ्या घरी काय सांगू मी?”

तो खालच्या पायरीकडे बघत म्हणाला, “ताई, शनिवारचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही.”

३

शनिवारचं.

शनिवारी ताईंनी ड्रायव्हरला सगळ्यांसमोर झापलं होतं. पुढच्या घरांचे डबे उशिरा पोचतात अशी तक्रार आली होती. त्याने खालच्या मानेने सांगितलं की त्या घरी तो दहा मिनिटं आजींजवळ बसतो, तेवढ्यात लेक अंघोळ करून घेते. आजींना एकटं सोडता येत नाही, दिवसभरात तिला तेवढाच वेळ मिळतो. आणि ताई म्हणाल्या होत्या, “आपण डबे पोचवतो, पहारा देत नाही. सोमवारपासून डबा अडकवायचा आणि निघायचं. बेलसुद्धा वाजवायची नाही.”

त्याने शब्द पाळला होता. रोजच्यासारखी सोमवारी बेल वाजवली असती, तर अकरा वाजता दार उघडलं गेलं असतं. ती तेव्हा जिवंत होती. आणि आता तोच माणूस ताईंच्या नावाला धक्का नको म्हणून चौकीत तोंड शिवून बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दोर ताईंनीच वळून दिला होता. ताईंना तिथेच बसून ओरडावंसं वाटलं. पण घड्याळात साडेबारा झाले होते. ओरडून त्याची सुटका होणार नव्हती. त्या घरात कोण होतं ते पाचच्या आत कळायला हवं होतं.

समोरच्या काकू शिवणकाम करायच्या. त्यांच्या हातात अजून ती किल्ली होती, कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं.

“किल्ली दोन दिवसांत कोणी मागितली होती?”

“कोणी नाही हो. खिळ्यालाच होती. माझं मशीन दिवसभर चालू, मला बाहेरचं काय ऐकू येणार!” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “पण गाणं ऐकलं.”

“कसलं गाणं?”

“सोमवारी दुपारी. मंगळवारीसुद्धा. मशीन थांबवलं की भिंतीतून यायचं. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. मुलाला निजवताना करतात ना, तसं. मला वाटलं टीव्ही असेल.”

ताई पुन्हा त्या घरात गेल्या. टीव्हीवर चादर घातलेली होती आणि चादरीवर औषधांच्या रिकाम्या बाटल्या उभ्या होत्या. हा टीव्ही कित्येक महिन्यांत कोणी लावलेला नव्हता.

भाऊ बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. शेजारच्या खुंटीवर लेकीचा कोट होता आणि त्याची बाही ते दोन बोटांत धरून होते. ताई समोर बसल्या.

“तुम्ही शेवटचे कधी आलात इथे?”

“चार महिने झाले.”

“काकूंनी सोमवारी संध्याकाळी खिडकीतून तुमची गाडी खाली पाहिली.” हे खोटं होतं. काकूंनी काहीच पाहिलं नव्हतं. पण भावाच्या बुटांना सुकलेला निळा रंग लागला होता, आणि इमारतीच्या खालच्या जिन्याला निळा रंग सोमवारीच लावला होता. आज तो खडखडीत वाळलेला होता. कवळ्या शोधताशोधता ताईंना बुटांकडे बघायची सवय लागली होती.

भाऊ बाही सोडून रडायला लागले. साठीला टेकलेला माणूस, पण रडताना त्याचं वय दिसेना.

“ती म्हणत होती, दोन आठवडे आईला ने. फक्त दोन आठवडे. मी म्हटलं होतं बघतो. सोमवारी सांगायला आलो होतो की नाही जमणार. दारापर्यंत आलो. आतून आवाज आला म्हणून थांबलो. म्हटलं, आईला भरवतेय, आता कशाला वाद. परत गेलो.”

“कसला आवाज?”

“बाईचा. हळू. ‘घे, एवढा एक घास घे,’ असं.”

लेक त्या वेळी दहा तास जमिनीवर पडलेली होती आणि तिला बोलता येत नव्हतं.

“तो आवाज तुमच्या बहिणीचा होता?” ताईंनी विचारलं.

भाऊ बराच वेळ आठवत राहिले. “ओळखीचा होता,” ते म्हणाले. “खूप ओळखीचा. पण तिचा नव्हता.”

४

ताईंनी केंद्रात येऊन फाइल उघडली. आजींचं पान लेकीनेच भरलेलं होतं. उठता येतं? नाही. चालता येतं? नाही. भांडी, कपडे, शेगडी? नाही, नाही, नाही. अक्षर देखणं, ग्रंथालयातलं.

हा अर्ज विसाव्याच्या खोलीचा. जितके ‘नाही’ जास्त तितका नंबर वर, अशी केंद्राची पद्धत होती. म्हणजे आपल्या माणसाला सुट्टीपुरतं ठेवून घ्यावं असं वाटत असेल, तर आधी त्याला कागदावर लाकडाचा ओंडका करून दाखवायचं. ताईंनी हात कपाळाला लावला. लेक खोटं लिहिणारी नव्हती. पण सगळ्या जगाने खोटं लिहिलं असतं अशीच ती प्रश्नांची यादी होती.

त्यांनी डोळे मिटून ते घर पुन्हा पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी कपाट होतं. ते त्यांनी मघाशी उघडलं होतं. आत पांघरुणांच्या चार घड्या होत्या आणि दोन उशा. बाहेरून आलेल्या माणसाने हात घातला असता तर तिथे. त्याने आतल्या खोलीत जाऊन एका म्हातारीच्या डोक्याखालची उशी कशाला काढली असती? तिच्या अंगावरचं पांघरूण का ओढलं असतं? आजी उघड्या गादीवर थंडीत पडल्या होत्या. त्यांचं अंथरूण कोणी चोरलं नव्हतं. ते दिलं होतं. आणि स्वतःचं अंथरूण माणूस स्वतःच देतं.

करपलेलं भांडं. दोन बोटांवरचे फोड. दोन्ही दिवसांचं जेवण घरात गेलं होतं आणि आजींच्या पोटात काही नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्यांचं झालं होतं. पण कोडं अजून पुरं सुटत नव्हतं. पोर पडलं तर आई शेजारच्या दारावर धडका मारते. मन तिशीत अडकलेली आई असेल तर दुप्पट मारेल. आजी गप्प कशा राहिल्या? आणि पलंगाशी तर फोन होता.

फोनच्या खोलीत मास्तरीणबाई होत्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, बहात्तरीच्या, केंद्रातल्या सगळ्यात मायाळू स्वयंसेविका. त्यांच्याशी बोलायला मिळावं म्हणून काही म्हातारे फोन आधीच हातात धरून बसत. भिंतीवर ताईंच्या अक्षरातला कागद होता: ‘वाद घालू नका. चूक दाखवू नका. त्यांच्या जगात जा. होला हो म्हणा.’

“मास्तरीणबाई, तीन प्रश्नांच्या आधी आजी काय म्हणाल्या? तुम्ही काय म्हणालात? जसंच्या तसं सांगा.”

“नेहमीचंच हो. बाळाचं. मी वहीत लिहिलं नाही, नियमच आहे.” त्या हसल्या, आणि मग ताईंचा चेहरा पाहून हसू अर्धवट राहिलं. “सोमवारी म्हणाल्या, ‘पोर पडलंय गं.’ मी म्हटलं, ‘मुलं पडतातच, आजी. डोक्याखाली उशी द्या, पांघरूण घाला, निजू दे जरा.’ मग विचारलं, जेवलात का. हो म्हणाल्या.”

ताईंनी वहीतल्या मंगळवारच्या खुणांवर बोट ठेवलं.

“मंगळवारी म्हणाल्या, ‘खात नाही काही.’ मी म्हटलं, ‘चमच्याने भरवा, थोडं थोडं. गाणं म्हणा. वेण्या घालून द्या छान, म्हणजे खूश होईल.’ आज...” मास्तरीणबाईंनी टेबलाची कड धरली. “आज म्हणाल्या, ‘उठतच नाही गं ती.’”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, ‘दमली असेल. झोपू द्या. उठवू नका तिला.’”

५

पावणेपाच वाजता ताई चौकीत उभ्या होत्या आणि इन्स्पेक्टर ऐकत होता. सुरुवातीला त्याने पेन खाली ठेवलं नाही.

“अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, जिला उठता येत नाही असं तुमच्याच फाइलमध्ये लिहिलंय.”

“फाइल आमच्या प्रश्नांना भिऊन भरलेली आहे. आजी घरात भिंतीला धरून चालायच्या. याला विचारा.”

बाकावरच्या ड्रायव्हरने मान हलवली. “चालायच्या. मी बसलेलो असताना दोनदा उठून शेगडी बंद आहे का बघून यायच्या.”

ताईंनी एकेक गोष्ट पुढे ठेवली. कपाटातल्या न हललेल्या घड्या. बोटं भाजली ती करपलेलं भांडं धरताना. भिंतीतून आलेलं गाणं. भावाने दाराबाहेर ऐकलेला आवाज, ओळखीचा, कारण लहानपणी त्यालाही त्याच आवाजाने घास दिले होते. पोराला भरवून झाल्यावर डबा धुऊन कडीला अडकवलेला, कारण हातांना ते ठाऊक होतं. मंगळवारचा अडकवता आला नाही, तोवर उपाशी अंगातलं त्राण गेलं होतं.

“त्या घरात कोणी शिरलं नाही, साहेब. कोणी लपवलं नाही. उशी, पांघरूण, चमचा, वेण्या, सगळं फोनवरून सांगितलेलं आहे. एका आईने रोज सव्वानऊला मदत मागितली आणि आम्ही जे करायला सांगितलं ते तिने मन लावून केलं. आम्ही आजींना पोर समजत होतो. एकट्या त्याच खरं बोलत होत्या.”

इन्स्पेक्टरने आता पेन ठेवलं.

“सोमवारी सव्वानऊला कोणी गेलं असतं तर?” त्याने विचारलं.

“डॉक्टरांना मी फोन केला होता. ते म्हणाले, बहुतेक वाचली असती.”

“मग मी गुन्हा कोणाचा लिहू?”

“माझं नाव लिहा. बाईंनी मी शिकवलं तेच केलं. भिंतीवरचा कागद माझा आहे. वहीत लिहायचं नाही हा नियम माझा. आणि बेल वाजवू नकोस हेही याला मीच सांगितलं होतं, शनिवारी.”

“याला कलम नाही, ताई,” इन्स्पेक्टर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. “कलम असतं तर बरं वाटलं असतं तुम्हाला, कळतंय मला. पण नाही.”

बाहेर आल्यावर ताईंनी ड्रायव्हरची माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हात वर करून थांबवलं.

“तुम्ही रागावलात तेव्हा मी ऐकायला नको होतं,” तो म्हणाला. “नऊ वर्षांत कधी तुमचं सगळं ऐकलं नाही. नेमकं याच वेळी ऐकलं.” तो गाडीकडे चालायला लागला आणि त्याने मागे पाहिलं नाही.

६

केंद्रात मास्तरीणबाई अजून त्याच खुर्चीत होत्या. भिंतीवरचा कागद त्यांनी काढला नव्हता. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या.

“ड्रायव्हर सुटला,” ताई म्हणाल्या.

“चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आले, नीट ऐका, मग उत्तर द्या.” त्यांनी चष्मा काढला. “ताई, तुम्ही आता मला म्हणाल, तुमची चूक नाही. म्हणू नका. होला हो मला आता कोणाचंच नको.”

ताई म्हणणारच होत्या. त्यांनी शब्द गिळले आणि बाईंच्या शेजारी बसून राहिल्या. उद्या सकाळी सव्वानऊला छत्तीस घरी फोन जायचे होते. कोण करणार आणि काय विचारणार, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

विसाव्याच्या खोलीत आजींना धुऊन-पुसून स्वच्छ कपडे घातले होते. सलाइनची सुई डाव्या हाताला. भाऊ पलंगाच्या पायथ्याशी होते. ताईंना पाहून ते उठले आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. आजींना काय सांगायचं हे त्यांनी दोनदा ताईंना विचारलं होतं, आणि एका तासापूर्वी ताईंनी सवयीने सांगूनही टाकलं होतं, “काही सांगू नका. विचारलं तर म्हणा, बाहेर गेलीय.”

आजींनी डोळे उघडले. नजर आढ्यावर फिरली आणि ताईंवर येऊन थांबली.

“उठली का गं माझी पोर?”

‘हो’ ताईंच्या जिभेवर आला होता. अकरा वर्षांची सवय ती. हो आजी, उठली, शाळेत गेली, दूध पिऊन गेली. आजींनी मान हलवली असती आणि पुन्हा डोळे मिटले असते. सगळ्यांचीच रात्र त्यातल्या त्यात बरी गेली असती.

ताई पलंगाशी खाली बसल्या. त्यांनी आजींचा फोड आलेला हात हातात घेतला.

“नाही, आजी. ती गेली. काल दुपारी गेली.”

खिडकीशी भावाचे खांदे हलले. आजी रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य तर मुळीच नव्हतं. इतका वेळ कोणी हे बोलेल याचीच वाट बघत असल्यासारखा एक सुस्कारा त्यांनी सोडला.

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “अंग गार पडलं होतं. मी सांगत होते ना त्या बाईंना. पडलीय म्हटलं. खात नाही म्हटलं.” मग त्यांनी अगदी साध्या आवाजात, भांडण नसलेल्या आवाजात विचारलं, “मग आला का नाहीत गं कोणी?”

आजी ताईंच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट पाहत राहिल्या.